शाळेचं वीजबिल नगरपालिकाच भरते, मग वीज वाचवण्यात शाळेला काय रस?

वाचलेल्या पैशातला वाटा शाळेच्या हातात पडला, तर रस नक्की येतो. नुसत्या आवाहनाने नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने १९९४ मध्ये हेच केलं: बिलातल्या बचतीचा ठरलेला हिस्सा शाळेला, उरलेला शहराला. ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाने हा प्रकार पुढे युरोपात बऱ्याच ठिकाणी उचलला गेला. खर्च फारसा येत नाही, कारण पहिली बचत सवयींतून होते. शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मीटरचा आकडा लिहून ठेवा. शाळा बंद असताना किती युनिटं गेली ते कळतं. बहुतेकदा पाण्याचा कूलर, चालू राहिलेले संगणक आणि कुणीतरी विसरलेला बाहेरचा दिवा सापडतो. एकाने झळ सोसायची आणि फायदा दुसऱ्याला, ही अडचण भाड्याच्या घरांत आणि दुकानांतही असते: वीज वाचवणाऱ्या उपकरणांचा खर्च मालकाचा, कमी बिलाचा फायदा भाडेकरूचा. तिथे ऊर्जा सेवा कंपनी स्वतःच्या पैशाने अशी उपकरणं बसवते आणि तो खर्च बचतीतून वसूल करते, पण एकट्या घरासाठी ती सहसा येत नाही.

मात्र शाळेची बचत मोजताना तुलना कशाशी करायची, हे आधी लेखी ठरवा. एका वर्षाचं बिल धरू नका, मागच्या दोन-तीन वर्षांची सरासरी घ्या, आणि रुपयांऐवजी युनिटं मोजा. नवे वर्ग किंवा संगणक कक्ष वाढला तर आकडा बदलायची सोय ठेवा, नाहीतर हिशेबावरून भांडण ठरलेलंच.