एनए (बिगरशेती) प्लॉटिंगच्या पाणी-ड्रेनेज रिपोर्टमध्ये जमीनमालकाने नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याबाहेर तुम्हा भावांची दहा एकर सामाईक जमीन, १२० प्लॉटचा ले-आउट मंजुरीला टाकायचाय, आणि कन्सल्टंटने पाणीपुरवठा, मलनिस्सारण व पावसाळी पाण्याचा जाडजूड रिपोर्ट हातात ठेवलाय. तो नुसता फाईलला लावायचा कागद आहे, की तुम्हीही त्यात काही बघायला हवं?

बघायलाच हवं. असे रिपोर्ट करणं आणि दुसऱ्यांनी केलेले तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे कळकळीने सांगतो: हा रिपोर्ट मागून पुढे वाचा. पहिल्या पानांवर गावाची माहिती, हवामान, लोकसंख्या असते. ती राहू द्या. आधी शोधा की तुमच्या जमिनीतलं पाणी बाहेर कुठे पडतंय आणि त्या जागेची लेव्हल किती. बाकीचे सगळे आकडे त्या एका लेव्हलवर उभे असतात. ती प्रत्यक्ष मोजलेली नसेल, तर पुढचं गणित कितीही नेटकं असलं तरी त्याला आधार नाही.

सांडपाण्यापासून सुरू करतो. १२० प्लॉट, घरटी पाच माणसं म्हणजे ६०० माणसं. ड्रेनेजची सोय असलेल्या वस्तीला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे ८१,००० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरायची पद्धत आहे, म्हणजे ६४,८०० लिटर, सरासरी सेकंदाला पाऊण लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट करायचं, की साधारण सव्वादोन लिटर. एवढ्याशा प्रवाहाने पाईपमधला गाळ वाहून न्यायचा तर वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर हवा, आणि त्यासाठी हजार मीटरला सहा मीटरच्या आसपास उतार लागतो. प्रवाह कमी असला की उतार जास्त द्यावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. लहान ले-आउटमध्ये ड्रेनेज तुंबायचं मोठं कारण हेच.

आता एल-सेक्शनची (लाईनच्या लांबीभरचा उभा छेद) शीट उघडा. समजा सगळ्यात लांबच्या प्लॉटपासून शेवटच्या चेंबरपर्यंत लाईन ३२० मीटर आहे. ३२० मीटरला या हिशोबाने १.९२ मीटर उतार. पहिलं चेंबर ०.९ मीटर खोल धरलं आणि जमीन सपाट असली, तर शेवटचं चेंबर २.८ मीटर खोल जातं. आणि ज्या सार्वजनिक लाईनला जोडायचंय तिचं चेंबर दीड मीटरच खोल असेल तर? पाणी चढणार नाही. मग पंप, पंपाची खोली, वीजबिल आणि तो चालवणारा माणूस, सगळं कायमचं गळ्यात. म्हणून शीटवर शेवटच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल (पाईपच्या आतल्या तळाची उंची) आणि बाहेरच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल शेजारी शेजारी लिहिलेली दिसली पाहिजे. बाहेरच्याच्या जागी ‘ॲज पर साइट’ असं लिहिलेलं असेल, तर सर्व्हेअरला परत पाठवा, ढापा उघडून पट्टी सोडायला लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

लोकसंख्येबद्दल एक. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर आज बंगला दिसतो, पण शहर जवळ आलं की तिथे तीन मजले आणि मजल्यागणिक भाडेकरू होतात. कन्सल्टंटला विचारा की माणसांचा आकडा दुप्पट-तिप्पट केला तर कुठला पाईप कमी पडतो. पाईपचा व्यास बहुतेक तरून जातो. अडतं ते पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची प्रक्रिया इथे.

पावसाच्या पाण्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण नुकसान तिथे होतं. साधं सूत्र आहे: क्षेत्र, पावसाचा जोर आणि किती पाणी वाहून जातं तो गुणांक, यांचा गुणाकार. दहा एकर म्हणजे चार हेक्टर. ताशी ५० मिमी पाऊस धरला आणि रस्ते-छपरं झाल्यावर गुणांक ०.६ घेतला, तर तासाला १,२०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३३३ लिटर. वर सांडपाणी सव्वादोन लिटर होतं, हे जवळजवळ दीडशेपट! म्हणूनच गच्चीचे पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नयेत असं आम्ही जीव तोडून सांगतो. आज शेत असताना गुणांक ०.३ धरला तर याच जमिनीतून याच पावसात निम्मं पाणी बाहेर पडतं. म्हणजे ले-आउटमुळे खालच्या शेतकऱ्याकडे दुप्पट पाणी जाणार. ते कुठे अडवणार, कुठे जिरवणार, याचा हिशोब रिपोर्टमध्ये नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात तो शेतकरी तुमच्या दारात येईल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल.

पावसाचा जोर कसा काढलाय तेही बघा. काही रिपोर्टमध्ये दिवसाचा पाऊस घेऊन त्याला २४ ने भागलेलं सापडतं. दिवसाला १०० मिमी भागिले २४ म्हणजे ताशी चार मिमी! असा पाऊस पडत नाही. दहा एकरांतलं पाणी दहा-पंधरा मिनिटांत तोंडाशी पोहोचतं, म्हणून त्या पंधरा मिनिटांतला जोर धरावा लागतो, आणि तो तासाच्या सरासरीपेक्षाही बराच जास्त असतो. मी वर ५० घेतला तो हिशोब समजावा म्हणून; तुमच्या रिपोर्टात तो जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून आलेला हवा. हा आकडा किती महत्त्वाचा ते मुंबईवरून बघा. तिथल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने, तेही ओहोटीच्या वेळेला धरून केलेल्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरचा अहवाल) ती क्षमता ५० मिमी करायला सांगितलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा ते काम बरंचसं व्हायचं होतं.

आणि वरून येणारं पाणी. हद्दीच्या आतलं चार हेक्टर मोजून रिपोर्ट थांबला असेल तर तो अपुरा आहे. तुमच्या वर साठ एकर डोंगरउतार असेल, तर गुणांक ०.४ धरूनही त्याच पावसात सेकंदाला १,३०० लिटरच्या वर पाणी तुमच्या जमिनीतून जाणार, तुमच्या स्वतःच्या पाण्याच्या चौपट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जे केलं ते आठवा. कात्रजच्या बाजूचा पाऊस खाली दाटीत अडकलेल्या पात्रातून आला आणि माणसं गेली. तुमच्या सातबाऱ्यावर ओढ्याचा उल्लेख नसला तरी गावनकाशा आणि कंटूर नकाशा (जमिनीचे चढउतार दाखवणारा) एकावर एक ठेवून बघा. जुन्या माणसांना विचारा, पावसाळ्यात पाणी कुठून फुटतं. ती वाट प्लॉट म्हणून विकू नका, मोकळी जागा तिथेच टाका. जवळ नदी असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर हवी. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या.

बाहेर ड्रेनेज लाईनच नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डे दाखवलेले असतील. तिथे पाणी मुरण्याच्या चाचणीचे आकडे मागा. खड्डा रात्रभर पाण्याने भिजवून मग पाण्याची पातळी २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजतात. साठ मिनिटांहून जास्त लागली तर सांडपाणी तिथे जिरवणं सोडून द्या. काळ्या मातीत बहुधा हेच निघतं, मुरमात बरं असतं. दहा एकरांत एकच चाचणी घेऊन भागत नाही.

पाणीपुरवठ्याचं थोडक्यात. बोअरच्या पाण्यावर हिशोब असेल तर यील्ड टेस्ट (बोअर किती पाणी देतो याची चाचणी) मे महिन्यातली हवी. बेसाल्टमध्ये (काळ्या खडकात) ऑक्टोबरचा बोअर आणि मेचा बोअर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाण्याचं पत्र असेल तर त्यात ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द आहे का ते वाचा, कारण त्याचा अर्थ आज पाणी नाही. आणि पिण्याची लाईन ड्रेनेजपासून तीन मीटर लांब, जिथे ओलांडते तिथे अर्धा मीटर वरून गेली पाहिजे. सहा मीटरच्या रस्त्यात तीन मीटर सांभाळायचे तर दोन्ही लाईनी दोन कडांना घ्याव्या लागतात. रस्त्याच्या क्रॉस-सेक्शनमध्ये (आडव्या छेदात) तसं काढलंय का बघा.

कन्सल्टंटकडे जाताना हे सगळं एकदम नेऊ नका. आधी दोनच गोष्टी मागा: बाहेर पडण्याच्या जागेची मोजलेली लेव्हल, आणि तुमच्या वरचं पाणलोट क्षेत्र किती हेक्टर. हे दोन आकडे मिळाले की इथे खाली लिहा, मी पावसाळी गटाराचा साइज पडताळून सांगतो.