मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची बौद्ध ध्यानसाधना, स्वतःपासूनच का सुरू करायची? हा स्वार्थ नव्हे का?

हा स्वार्थ नव्हे. साधक येथे स्वतःला साक्षीदार म्हणून घेतो. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात याचे कारण दिले आहे : आपल्याला सुख हवे आणि दुःख नको, हे ज्याने स्वतःत नीट पाहिले, त्यालाच इतरांचेही तसेच असते हे मनापासून पटते. त्यानंतर आदरणीय गुरू, मग जिवलग मित्र, मग ना आवडता ना नावडता असा माणूस आणि शेवटी वैरी, असा क्रम येतो. जिवलगापासून सुरुवात करू नये, कारण त्याच्या किंचित दुःखानेही रडू येते, ही सूचना मला फार मोलाची वाटते. मैत्रीच्या जागी आसक्ती कधी शिरते ते कळतही नाही. वैऱ्याचा चेहरा आठवताच दातओठ आवळले गेले, श्वास आखडला, तर रेटत बसू नये. आधीच्या व्यक्तीकडे परतावे आणि मन मऊ झाले की पुन्हा यावे. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात 10 दिवसांच्या शिबिरात मैत्रीभावना शिकवतात ती दहाव्या दिवशी, श्वास आणि संवेदना पाहण्यात आधीचे दिवस गेल्यावर. म्हणून घरीही पहिली काही मिनिटे केवळ श्वासाकडे लक्ष द्यावे.