टीसी वर सरकलाय? बेक सोडा, आधी अॅशर बघा

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. बोलोमीटरच्या (पडणाऱ्या किरणांची उष्णता मोजणारा सेन्सर) अॅल्युमिनियम-मँगनीज फिल्मचा टीसी, म्हणजे ती सुपरकंडक्टर (विजेला शून्य रोध) होते ते तापमान, १६० मिलीकेल्विन हवा होता, १९० आला, मँगनीजचं प्रमाण बरोबर, बेकही (फिल्म ठरावीक तापमानाला तापवणं) बरोबर. सेम माझी गोष्ट.

बोलोमीटर कसा चालतो वगैरे सांगत बसत नाही. अॅल्युमिनियम एरवी साधारण १.२ केल्विनलाच सुपरकंडक्टर होतं, मँगनीज घालून आपण त्याला खाली ओढतो आणि बेक करून थोडं वर आणून नेमक्या जागी बसवतो. पण बेक झाल्यावरही फिल्मला त्याहून जास्त ताप लागला की टीसी अजून वर जातो, आणि परत खाली आणायचा उपाय मला तरी सापडलेला नाही.

मी काय केलं, तर एचिंगनंतर (नको तिथली फिल्म काढल्यावर) कडक झालेला रेझिस्ट, म्हणजे नक्षीसाठी लावलेला थर, निघेना म्हणून अॅशरमध्ये, म्हणजे रेझिस्ट जाळून काढणाऱ्या मशीनच्या ऑक्सिजन प्लाझ्मात, वेफर (ज्यावर सेन्सर बनतात ती चकती) दुप्पट वेळ ठेवला. आत वेफर पिनांवर अधांतरी, खालून कूलिंग नाही, तापला असणार हे डोक्यातच आलं नाही! पुढे सेन्सरखालची पातळ मेंब्रेन मोकळी केली, वायरबाँडिंग (बारीक तारा जोडणं) केलं, क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंड करणारं यंत्र, थंड व्हायची वाट बघितली आणि मग कळलं. तीन महिने पाण्यात. वर सॅच्युरेशन पॉवर (ज्याहून जास्त पॉवर पडली की सेन्सर काम करत नाही) जवळपास दुप्पट, कारण ती टीसीच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढते आणि ती ठरवणारे नायट्राइडचे पाय, म्हणजे सेन्सरला धरून उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्ट्या, तर आधीच कापून झालेले.

खरा संताप वेगळाच. आमच्या क्लीनरूमच्या इक्विपमेंट डेस्कने मधल्या काळात त्याच मशीनची पॉवर वाढवली होती, कुणाला न सांगता. विचारलं तर उत्तर काय, टूल स्पेकमध्ये आहे. लॉग मागितला तर फॉर्म भरा, फॉर्म भरला तर तो फॉर्म जुना. असो.

माझं मत, चुकीचं असू शकतं, तुमची मशीनं वेगळी असतील: प्रत्येक वेफरसोबत त्याच फिल्मची साधी चिप सगळ्या पायऱ्यांतून फिरवा आणि बेकनंतर दर गरम पायरीला एक चिप काढून टीसी मोजा. रंग बदलणाऱ्या तापमानाच्या पट्ट्या मिळतात, त्या डमी वेफरवर चिकटवून अॅशर एकदा चालवा (खऱ्या वेफरवर नको, गोंद राहतो). रेझिस्ट शक्यतो सॉल्व्हंटनेच काढा, वेळ लागला तर लागू दे. आणि हॉटप्लेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो प्लेटचा असतो, वेफरचा नाही.

वेफरवरच्या मधल्या आणि कडेच्या पिक्सेलचा (एकेका सेन्सरचा) टीसी वेगवेगळा आलाय का? तेवढं सांगा, कुठल्या पायरीला तापलं याचा अंदाज लागेल.