एडिसनचं शिवणकामाचं दुकान आणि ह्यांची सोशल सिक्युरिटी: आत्ता घ्यावी की ६७ला?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि वहीच्या पानाचा फोटोही बघितला. वर ब्लाउजची मापं, कडेला टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा, आणि खाली महिन्याचा जमाखर्च, जो ऑक्टोबरपर्यंत मिस्टरांच्या अक्षरात आहे आणि नोव्हेंबरपासून तुमच्या. तुम्ही तो एकही महिना चुकवलेला नाही, त्यामुळेच मला आज नीट आकडे धरून उत्तर देता येतंय.

तुमची परिस्थिती थोडक्यात लिहिते, म्हणजे माझी काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. जन्म मार्च १९६५चा, वय ६१, न्यू जर्सीतल्या एडिसनला फॉल-पिको, ब्लाउज आणि अल्टरेशनचं दुकान, भाडं, वीज, माल सगळं जाऊन वर्षाला ४६,००० डॉलर उरतात. मिस्टर २०२५मध्ये ६५व्या वर्षी गेले. त्यांच्या सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, ६७ची पूर्ण रक्कम महिन्याला २,८०० होती, पण त्यांनी ६२लाच सुरू केली म्हणून १,९६० मिळायचे. आता त्यांच्यामागे विधवा म्हणून ती पेन्शन तुम्ही घेऊ शकता, ती कधी घ्यायची हा प्रश्न. मैत्रीण म्हणते ६७पर्यंत थांब म्हणजे पूर्ण मिळेल, जावई म्हणतो दुकानाची एस-कॉर्प, म्हणजे एक प्रकारची कंपनी, करा म्हणजे कमाईमुळे पेन्शनमधून काही कापलं जाणार नाही, आणि तुम्हाला वाटतंय की दुकान चालू आहे तोवर अर्ज करूनच उपयोग नाही.

माझं मत आधी सांगते, कारण तुम्हाला झोप येत नाहीये असं तुम्ही लिहिलंय. ६७पर्यंत थांबू नका. आत्ता लगेच पण नको. जानेवारी २०२७पासून सुरू करा.

मैत्रीण चुकीचं बोलत नाहीये, एरवी हा सल्ला बरोबर असतो, पण तुमच्या बाबतीत एक नियम आड येतो जो फार कमी लोकांना माहीत असतो. नवऱ्याने वेळेआधी पेन्शन सुरू केलेली असेल तर बायकोला त्याच्या पूर्ण रकमेच्या ८२.५ टक्के किंवा तो प्रत्यक्षात घेत होता ती रक्कम, यातलं जे जास्त असेल त्याच्यावर एक डॉलरही मिळत नाही. तुमच्यासाठी ती मर्यादा २,३१० आहे, आणि वयाप्रमाणे होणारी कपात धरूनही तुम्ही त्या आकड्याला ६२ वर्षं ९ महिन्यांना पोचता, म्हणजे डिसेंबर २०२७ला. त्यानंतर ६७पर्यंत थांबलात तरी २,३१०च. चार वर्षांहून जास्त काळ थांबून हातात काहीच जास्त येणार नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती.

आता दुकानाचं. ६७ पूर्ण व्हायच्या आधी पेन्शन घेतली आणि कमाईही असली तर २०२६साठी २४,४८० डॉलरपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्यावरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर कापतात. तुमचे ४६,००० धरले तर वरचे २१,५२०, त्याचे निम्मे १०,७६० वर्षाला कापले जातील. मोठी रक्कम आहे, मान्य, पण ती सगळी पेन्शन खात नाही. जानेवारी २०२७ला तुम्ही ६१ वर्षं १० महिन्यांच्या असाल, तेव्हा महिन्याला साधारण २,२११ बसतात, वर्षाचे २६,५०० झाले, त्यातून कापून पंधरा हजार सातशेच्या आसपास उरतात. २०२७ची मर्यादा थोडी वर जाईल, मी मुद्दाम २०२६चीच धरलीय म्हणजे हिशोब कमी बाजूला राहील.

जानेवारीच का, तर कमाई पूर्ण वर्षाची मोजतात पण कापतात फक्त तुम्ही पेन्शन घेतलेल्या महिन्यांतून. समजा येत्या ऑगस्टपासून सुरू केलं तर डिसेंबरपर्यंतचे पाचही चेक कापण्यातच जातील आणि हातात जेमतेम पन्नास-साठ डॉलर पडतील. आणि ते एकेका महिन्यात थोडं थोडं कापत नाहीत, अख्खे चेक अडवतात, त्यामुळे २०२७मध्येही पहिले पाच चेक येणारच नाहीत आणि तेव्हा घाबरून जाऊ नका, जूनचा चेक येईल, जास्तीचं कापलेलं नंतर परत मिळतं. दुकानाचं भाडं त्या पाच महिन्यांत पेन्शनच्या भरवशावर ठेवू नका एवढंच.

तुम्ही विचाराल की मग २,३१०च्या ऐवजी कायमचे २,२११ घेऊ का, महिन्याला ९९ डॉलरचं नुकसान. इथे कापलेले चेक तुमच्या कामाला येतात. जितके महिने चेक अडवला तितके महिने ६७ला हिशोबात परत धरतात, म्हणजे तेवढ्या महिन्यांची कपात काढून टाकतात. तुमचे साधारण अकरा महिने जमा झाले की तुम्ही २,३१०ला पोचता, दुकान अजून दोन-अडीच वर्षं असंच चाललं तरी ते होतं. म्हणजे २०२७मधल्या पंधरा हजारांची किंमत काय, तर मधली चारेक वर्षं महिन्याला ९९, एकूण पाच हजार. यात मला दुसरी बाजूच दिसत नाही. उलट ६२ वर्षं ९ महिन्यांना सुरू केलंत तर तुम्ही आधीच मर्यादेवर असाल, मग कापलेले चेक ६७ला परत धरले तरी वर जायला जागाच नाही, ते पैसे गेले ते गेले.

टॅक्सकडे येते. २०२५चा रिटर्न तुम्ही दोघांच्या नावाने भरलात, २०२६पासून तुम्ही सिंगल, आणि विधवांना सगळ्यात जास्त हेच लागतं कारण खर्च निम्मा होत नाही पण मर्यादा मात्र खाली येतात. दुकानाचं उत्पन्न अधिक पेन्शनचे निम्मे, हे ३४,०००च्या वर गेलं की पेन्शनच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम करपात्र होते, दोघांसाठी हीच मर्यादा ४४,००० होती. हे आकडे महागाईशी जोडलेलेच नाहीत, १९९३च्या कायद्यापासून तसेच आहेत. तुमचं दुकानच तुम्हाला त्याच्यावर नेतं, म्हणून ८५ टक्के धरूनच चला. तुम्ही १२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तेव्हा पेन्शनमुळे वाढणारा फेडरल टॅक्स दीड हजाराच्या आसपास. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर टॅक्स घेत नाही, ते एक बरंय. एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी असे तिमाही हप्ते तुम्ही दुकानाचे भरताच, त्यात हे मिळवा किंवा पेन्शनमधूनच कापून घ्यायला सांगा.

मला जास्त काळजी आरोग्यविम्याची वाटते. मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, ६५ला, तोवर तुमचा विमा मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमाबाजारातून घेतलेला, आणि तिथे उत्पन्न मोजताना पेन्शन पूर्ण धरतात, ८५ टक्के वगैरे नाही. २०२६साठी एकट्या माणसाला ६२,६००च्या वर गेलं की फेडरल सबसिडी पूर्ण जाते, हळूहळू नाही, एकदम. तुमचा हिशोब मी केला तर ५८,५००च्या जवळ येतो. म्हणजे लग्नसराईत दोन मोठ्या ऑर्डरी जास्त आल्या, शिवाय दुसरीकडून थोडं व्याज आलं, की तुम्ही त्या रेषेला टेकाल. त्यासाठी सेप-आयआरएमध्ये, म्हणजे स्वतःचा धंदा असणाऱ्यांच्या निवृत्ती खात्यात, पाच-सहा हजार टाका, त्याने टॅक्सचं आणि विम्याचं उत्पन्न कमी होतं. पण सोशल सिक्युरिटीवाले ते बघत नाहीत, ते दुकानाचा निव्वळ नफाच बघतात. दोन्हीकडे उपयोगी पडतो तो फक्त खरा धंद्याचा खर्च, म्हणजे ते ओव्हरलॉक मशीन तुम्ही दोन वर्षं घ्यायचं म्हणताय ते २०२७मध्ये घेतलंत तर त्याची किंमत नफ्यातून वजा होईल, कापलं जाणारंही कमी होईल. मात्र कापणं वाचवायला म्हणून मशीन घेऊ नका, हजार डॉलर खर्चून पाचशे वाचतात.

जावयांचा हेतू चांगला आहे. एस-कॉर्पमध्ये मालकाला मिळणारा नफ्याचा वाटा या कापाकापीत मोजत नाहीत हे खरं, पण आधी तुम्ही करता त्या कामाचा रास्त पगार घ्यावा लागतो, आणि तुमच्या दुकानात शिवणाऱ्या, माप घेणाऱ्या, गल्ल्यावर बसणाऱ्या तुम्हीच एकट्या, मग ४६,०००पैकी पगार सोडून उरणार किती? वर वेगळा रिटर्न, पगाराची कागदपत्रं, अकाउंटंटची फी. आहे तसंच राहू द्या.

तुमची स्वतःची पेन्शन ६७ला १,१०० दिसतेय, ७०पर्यंत ताणली तरी १,३६४, ती मिस्टरांच्या पेन्शनपेक्षा कमीच राहते, तेव्हा तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

सर्व्हायव्हरचा, म्हणजे मिस्टरांच्या या पेन्शनचा, अर्ज ऑनलाइन होत नाही, फोनवर किंवा ऑफिसात जाऊन करावा लागतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच अपॉइंटमेंट घ्या. लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि गेल्या वर्षीचा रिटर्न बरोबर न्या. तिथे तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: मिस्टरांची पूर्ण रक्कम, विडोज लिमिटचा, म्हणजे त्या ८२.५ टक्क्यांच्या मर्यादेचा, आकडा, आणि जानेवारी २०२७ला तुम्हाला बसणारी रक्कम. माझे आकडे तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवरून काढलेत, दरवर्षीची वाढ त्यात नाही, तेव्हा त्यांचे थोडे वर असतील. २०२७ची कमाई किती होईल विचारतील तेव्हा वहीतलं खरं सांगा, कमी सांगितलं तर पुढच्या वर्षी परत मागण्याचं पत्र येतं आणि ते एकट्या बाईला फार जड जातं. ते तीन आकडे मला पाठवा, मी सगळा हिशोब त्यावर पुन्हा करून देते.