सुकटीचा वास आणि तुझा प्रश्न

प्रिय अनू,

परवा तैवानी मैत्रिणीच्या विहारात जेवून आल्यावर तू विचारलेस, "बाबा, ते लोक कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत आणि तू तर सुकट खातोस. मग आपण खोटे बौद्ध आहोत का?" मी ते हसण्यावारी नेले, पण प्रश्न मनाला लागला.

परभणीच्या घरी वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तुझी आजी मांसमच्छी शिजवत नसे आणि नेमक्या त्याच पावसाळी दिवसांत मला सुकटीचा ध्यास लागे. मागच्या गल्लीतली मावशी एवढे सोवळे पाळत नसे. सुपात पाखडलेली सुकट ती तव्यावर कोरडी भाजे, मग ठेचलेला लसूण आणि काळा मसाला घालून तेलात परते आणि ज्वारीच्या गरम भाकरीवर वाढे. घरी परतताना मी राखेने हात घासत असे, तरी वास जात नसे. आजी एक शब्द बोलत नसे. संध्याकाळच्या वंदनेला मात्र मला मागच्या ओळीत बसवी.

तुझ्या पणजोबांची गोष्ट वेगळी. मेलेल्या ढोरांचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला सांगितले. ते आमच्या वाडीपर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर पणजोबांनी चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळवायची दोरी स्वतःच्या हाताने तोडली. आमच्या घरात 'खायचे नाही' हे शब्द असे आले. गावाने टाकलेले उचलायचे नाही, हा त्यांचा पहिला अर्थ, जीवदया मागाहून आली. तुझ्या मैत्रिणीच्या महायान परंपरेत लसूणही वर्ज्य असतो, आणि त्या लोकांचा नेम मला मनापासून आवडतो. आपल्याकडे लसणावाचून चटणी होत नाही.

हे सारे लिहिताना मी जिभेचे चोचले इतिहासाच्या पदराआड लपवतो आहे की काय, अशी शंका येतेच. आपल्यासाठी मारलेले नसेल तर भिक्षेत आलेले मांस भिक्षूंनाही चालत असे, हा आधार मी पूर्वी वादात घेत असे. पण मी काही भिक्षेची सुकट खात नाही, पैसे मोजून आणतो, आणि सकाळी 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहत्येपासून दूर राहण्याचे शील, म्हणताना ते आठवते.

तू सोडणार असशील तर सोड, मी अडवणार नाही. सुकटीचे पाकीट अजून वरच्या फडताळात आहे. रविवारी खिडक्या उघडून भाजणार आहे. वास नको असेल तर आधी सांग.

तुझा,
बाबा