लघुग्रहाची बातमी, थांबवलेली एसआयपी आणि मुलीचा प्रश्न

आदरणीय पालक,

सस्नेह नमस्कार. निपाणीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. दुसऱ्या पीयूसीत, म्हणजे कर्नाटकातील बारावीत, वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र घेऊन शिकणाऱ्या आपल्या मुलीला ‘लघुग्रह आदळण्याचा धोका असेल, तर बाजार त्याचे मोल कसे ठरवेल’ या प्रश्नाने झपाटले आहे. आपण मात्र 2025 च्या फेब्रुवारीत पृथ्वीवर लघुग्रह आदळू शकतो ही बातमी ऐकून तिच्या पुढील शिक्षणासाठीची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक, थांबवलीत. ती पुन्हा सुरू करावी का, आणि मुलीच्या ओढीतून पोटापाण्याचे काही निघेल का, असे आपण विचारले आहे.

त्या लघुग्रहाचे नाव 2024 वायआर4. तो 22 डिसेंबर 2032 रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाच्या गणितानुसार 18 फेब्रुवारी 2025 ला 3.1 टक्क्यांवर पोहोचली आणि आठवडाभरात 0.004 टक्क्यांवर उतरली. यात कोणाचे गणित चुकले नव्हते. निरीक्षणे थोडी असतात तेव्हा लघुग्रहाच्या संभाव्य जागांचा पट्टा लांबलचक असतो. निरीक्षणे वाढतात तसा तो आखडतो, पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा वाटा वाढत जातो, आणि ती पट्ट्याबाहेर पडली की आकडा कोसळतो. अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीत 2004 मध्ये हा आकडा 2.7 टक्क्यांपर्यंत चढून असाच उतरला होता. त्या फेब्रुवारीत आपला शेअर बाजार घसरत होता हे खरे. पण ती घसरण परदेशी गुंतवणूकदारांच्या विक्रीची आणि अमेरिकी आयातशुल्काच्या धास्तीची होती.

शक्यता उतरली नसती तर काय झाले असते, हा आपल्या मुलीचा खरा प्रश्न आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सुमारे 60 मीटरचा दगड एखादे शहर उद्ध्वस्त करू शकतो, जग नव्हे. म्हणून पहिला हादरा सेन्सेक्सला बसेलच असे नाही. 2019 च्या पुरात निपाणीजवळच्या यमगर्णी गावापाशी वेदगंगा नदीने महामार्ग बंद पाडला, हे आपण पाहिले आहे. नदीकाठची जमीन विकत घेणारा माणूस पुराची रेषा विचारल्याशिवाय भाव बोलत नाही. लघुग्रह जिथे पडू शकेल त्या जमिनीच्या पट्ट्यातही तसेच घडेल, फक्त तारीख कित्येक वर्षे आधी माहीत असेल. मालमत्तेचा विमा बहुधा दरवर्षी नव्याने करावा लागतो, त्यामुळे विमा कंपन्या तारीख जवळ येईल तसा हप्ता वाढवतील किंवा जोखीम नाकारतील. वीस वर्षांचे गृहकर्ज देणारी बँक मात्र आजच हात आखडता घेईल, कारण तारण ठेवलेले घर त्या तारखेनंतर उभे असेल का, हे तिला आजच ठरवावे लागते. घरांचे भाव त्यामागून उतरतील. उलट, लघुग्रहाला वळवण्याची मोहीम यशस्वी होईल असे दिसू लागले, तर हेच चक्र उलटे फिरेल. 2022 मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळून त्याची कक्षा बदलल्यामुळे ही शक्यता आता केवळ कल्पना राहिलेली नाही.

अशा विचाराचे काम विमागणिती, म्हणजे ॲक्च्युअरी, करतात. पूर, भूकंप, मृत्यू, पीकबुडी यांची शक्यता आणि नुकसान मांडून विम्याचा हप्ता ठरवणे आणि दाव्यांसाठी किती राखीव रक्कम हवी हे सांगणे, हा त्यांचा व्यवसाय आहे. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. तीत गणित, संख्याशास्त्र, माहितीचे विश्लेषण, इंग्रजी आणि तर्क यांची चाचणी असते. पुढच्या परीक्षांना अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक जण नोकरी करतच त्या देतात, हे आधीच सांगतो. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या सीमाभागातील मुलांची गणिते सुटतात, पण इंग्रजीतील प्रश्न वाचण्यातच वेळ जातो. म्हणून तिने आतापासून संख्याशास्त्राचे इंग्रजी पुस्तक रोज तासभर वाचावे. पीयूसीत तिला गणित नसेल, तर पदवीसाठी बीएस्सी संख्याशास्त्राचा आग्रह धरण्यापूर्वी महाविद्यालयाची अट विचारून घ्या, बी.कॉम. करूनही ही परीक्षा देता येते.

एसआयपीचे म्हणाल, तर लघुग्रहाच्या कारणाने ती थांबवण्याची गरज नव्हती. मात्र जे शुल्क येत्या दोन-तीन वर्षांत भरायचे आहे, ते पैसे समभागांच्या फंडात ठेवू नयेत, आकाशात काही असो वा नसो. ते मुदत ठेवीत असावेत. पुढच्या वर्षांसाठीची रक्कम किती आणि कोणत्या फंडात ठेवावी, हे सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा, आणि त्या वेळी मुलीला सोबत न्या.