विमा किती हवा? आधी घरखर्चाची वही उघडा

प्रश्न : वय ३९, ऐरोलीत आयटी कंपनीत, वर्षाला १८ लाख पगार. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं ५८ लाखांचं कर्ज बाकी. पत्नी ३६ वर्षांची, गृहिणी. मुलगी चार वर्षांची. एजंट म्हणतात, पगाराच्या दहापट, म्हणजे १.८ कोटींचा टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) पुरे. घेऊ का?

पगाराच्या पटीने हिशेब झटपट होतो, पण तुमच्या घराला तो पुरणार नाही. तुमच्या पत्राप्रमाणे हप्ता सोडून घरखर्च महिना ६० हजार. त्यातून तुमचा रेल्वे पास, मोबाइल, बाहेरचं जेवण असे १२ हजार वजा करा. उरले ४८ हजार, वर्षाला ५.७६ लाख. मुलगी पायावर उभी राहीपर्यंत २० वर्षं धरा : सुमारे ११५ लाख. पुढे पत्नीला एकटीला आजच्या भावाने महिना २५ हजार, २५ वर्षं : ७५ लाख. कर्ज ५८, शिक्षण २५. एकूण २७३ लाख. तुमचा पीएफ आणि एफडी मिळून २३ लाख वजा केले की उरतात अडीच कोटी.

गुंतवलेली रक्कम कर भरून महागाईइतकीच वाढेल, असं मी यात धरलं आहे. नुसत्या एफडीत ते अवघड, म्हणून आकडा खाली ओढू नका. कंपनीचा गट विमाही मोजू नका. नोकरी सुटली की तोही सुटतो.

आणि हा हिशेब पत्नीला शेजारी बसवूनच करा. दूधवाला, सोसायटी मेंटेनन्स, व्हॅनचे पैसे त्यांना तोंडपाठ असतात.

प्रश्न : पत्नी कमवत नाही. तिचा विमा कशाला? (नेरूळ)

तुम्हीच लिहिलंय, सासऱ्यांचं इन्सुलिन आणि मुलाची शाळा तीच सांभाळते. उद्या आया, पाळणाघर, स्वयंपाकाच्या मावशी ठेवल्यात तर महिना २५ हजार लागतील. दहा वर्षांचे ३० लाख. तेवढा विमा काढाच. काही कंपन्या गृहिणींना टर्म देतात, बहुधा पतीचा विमा असेल तर.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप आहे, धंद्यावर कर्ज. विम्याचे पैसे बँकच नेईल का?

पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या. अर्जासोबत एक जादा फॉर्म असतो. मग ती रक्कम पत्नी-मुलांचीच. मात्र पॉलिसी देणी बुडवण्याच्या हेतूने घेतलेली नसावी. नंतर लाभार्थी बदलता येत नाहीत, तेव्हा नावं विचार करून घाला.

प्रश्न : निवृत्त आहे, कर्ज नाही, मुलं कमावती. जीवन विमा घेऊ का? (पाचपाखाडी)

तुम्हाला जीवन विम्याची गरज नाही. तो पैसा आरोग्य विम्याकडे वळवा.

प्रश्न : वाशी मार्केटमध्ये हमाली करतो, वय ४१. तंबाखू खातो, ते अर्जात लिहू का?

लिहा, दादा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलंत आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं, तर कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. एका घरात मी असा अर्ज पाहिलाय : तंबाखूपुढे 'नाही', आणि ते अक्षर एजंटचं. बाईंच्या हातात नाकारल्याचं पत्र होतं.

बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आजच सुरू करा : वर्षाला ४३६ रुपये, दोन लाख. दोन पोरांच्या घराला ते काही महिनेच पुरतील, तेव्हा जमेल तेवढी टर्म पॉलिसी वर घ्या. तिचा अर्ज स्वतः वाचून, नाहीतर शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घेऊन मगच सही करा. पॉलिसी हातात आली की सोबतची अर्जाची प्रतही तिच्याकडून तपासून घ्या. काही चुकीचं निघालं तर ३० दिवसांत परत करता येते.